तनूची हनुवटी

११ जानेवारी

चौदा घागरे झाले. हिरवं सॅटिन, पिवळी लेस. शाळेच्या गॅदरिंगला नर्सरीच्या मुलींचा नाच आहे आणि शिवायचं काम बाईंनी मलाच दिलं. तनूचा सगळ्यात शेवटी शिवला, सावकाश. उरलेल्या तुकड्यातून त्याच लेसचं लाळेरं केलं, ओढणीसारखं पुढून आडवं. ह्यांना दाखवलं. "ओढणीच वाटती की," म्हणाले. मग झालं तर.

तिला साडेचार वर्षं पूर्ण झाली. प्रत्येक फ्रॉकला एक लाळेरं, आतून टॉवेलचं कापड, वरून फ्रॉकचं. गिऱ्हाइकं विचारतात, कुठून घेतलं हो एवढं छान. दिवसाला पाच बदलते ते मी सांगत नाही.

मापाची वही उलटी करून मागून लिहायला घेतलीय. पुढून लोकांची मापं, मागून माझी बडबड. हात रिकामा राहिला की जीव खालीवर होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला बायका आल्या. तनूने लाडू तोंडात घातला आणि गुळाचं पाणी हनुवटीवरून गळ्यात. मी पुसलं, पण शेजारच्या काकूंनी बघितलं ते बघितलंच. "अजून थांबलं न्हाई का? दात येत्यात म्हणलं व्हतं तुमी." दात आता पडायला येतील काकू, असं ओठावर आलं होतं. हसले नुसती.

बायका गेल्यावर सासूबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "खरं सांग. तनूच्या वक्ताला तुला काय खावं वाटलं व्हतं? डव्हाळे पुरले न्हाई की लेकराची लाळ गळती. आमच्यात समद्यांस्नी ठावं हाय."

मी म्हटलं, "काही नाही आत्या. चिंचाच काय त्या."

खोटं बोलले. पण सुटका झाली.

१५ जानेवारी

सुटका कसली. आत्यांनी शेर-दीड शेर चिंच आणून ठेवलीय. समोर बसून खायला लावली. दात आंबले, दोरा तोडता येईना.

१९ जानेवारी

गॅदरिंग. सकाळी घागरा घालून, डोळ्यात काजळ घालून नेली. स्टेजमागे बाई म्हणाल्या, "ताई, तनूला आज पुढे बसवू या का? व्हिडिओवाला जवळून घेतो हो. तिलाच नंतर बघताना वाईट वाटायला नको."

लाळेऱ्याला ओढणी म्हणून कोणी फसलं नाही.

तेरा घागरे स्टेजवर फिरले. चौदावा माझ्या मांडीवर. तनू बसल्या बसल्या सगळा नाच करत होती, हात बरोबर, मान बरोबर. मी शिवलेल्या तेरा कमरा बघत बसले. एकीची लेस उसवली होती, तेवढ्यातही माझा हात शिवशिवला.

मग मोठ्या मॅडमनी बोलावलं. आवाज गोड. "पालक बोलतात हो. मुलं तिच्याशेजारी डबा खायला बसत नाहीत. तूर्त घरीच ठेवा. एप्रिलअखेर घेऊन या, आम्ही तिला बसवून बघू. फरक असेल तर जूनपासून वरच्या वर्गात घेऊ. नसेल तर…"

एप्रिलअखेर. साडेतीन महिन्यांच्या आत.

संताप संताप झालाय. कोणावर ते कळत नाही.

२२ जानेवारी

तनू आता दिवसभर माझ्या शिवणाच्या दुकानात. कटिंगच्या टेबलाखाली बसते. "शाळा कवा हाय?" रोज एकदा विचारते. सुट्टी आहे म्हणते मी.

ह्यांची काळीपिवळी जीप केज ते मांजरसुंबा चालते आणि दहा पॅसेंजरना तनूची लाळ माहीत झालीय. रोज एक नवा उपाय घेऊन येतात. परवा तुरटी. काल वेलदोडा. आज एका म्हातारबांनी सांगितलंय की लेकराला आरशात बघू देऊ नका.

मी म्हटलं, गाडी चालवा नीट. पॅसेंजर उतरवा आणि त्यांचे उपायही तिथंच उतरवून या.

"मी कशापायी सांगतो गं," म्हणाले, "माझी बी लेक हाय." मग मला वाईट वाटलं. जेवताना त्यांना एक भाकरी जास्त वाढली.

२८ जानेवारी

अंबाजोगाई. नाक-कान-घशाचे डॉक्टर. डॉक्टरांनी तनूला नाकाखाली छोटा आरसा धरून श्वास सोडायला लावला. एका बाजूने वाफ नाहीच. नाकाच्या मागे गाठी सुजल्यात, म्हणून ती तोंडाने श्वास घेते, म्हणून तोंड उघडं, म्हणून लाळ बाहेर. इतकं सरळ. मी इतके दिवस तोंडच बघत होते, नाक कधी बघितलं नाही.

नाकात मारायचा स्प्रे दिलाय, रोज. ऑपरेशन लागेलच असं नाही म्हणाले. "पण नाक मोकळं झालं तरी सवय राहते. वरच्या मजल्यावर मॅडम आहेत, तोंडाचे व्यायाम शिकवतात. त्यांना दाखवा." मॅडमची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

ह्यांनी आरशाची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "बघ, म्हातारा आरसा म्हणतच व्हता." आज बऱ्याच दिवसांनी हसले.

४ फेब्रुवारी

मॅडम तरुण आहेत, माझ्याहून लहानच. तनूशी खेळत बसल्या. मला वाटलं अजून सुरूच केलं नाही. अर्ध्या तासाने माझ्याकडे वळल्या.

"ताई, एवढ्या वेळात तुम्ही तिचं तोंड किती वेळा पुसलं?"

दोन-तीनदा असेल.

"नऊ वेळा. आणि लाळेरं एकदा बदललं. तिला ओलं लागूच देत नाही तुम्ही. हनुवटी ओली झालीय हे तिला कळलंच नाही कधी, तर ती गिळेल कशाला?"

मग त्यांनी लाळेरं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "फार सुंदर शिवलंय. तुम्हीच ना? हेच काढायचंय."

उद्यापासून लाळेरं बंद. पुसायचं मी नाही. मनगटाला टॉवेलची पट्टी शिवायची, तिची तिने टिपायचं. मी फक्त माझ्या हनुवटीला बोट लावायचं, की तिने उलट्या हाताने आपली बघायची, तोंड मिटायचं, गिळायचं. बोलायचं नाही, रागवायचं नाही, लोकांसमोर तर नाहीच. शिवाय जाड ताक नळीने प्यायचं, ओठांत कागदाची पट्टी धरायची, फुंकायचे खेळ.

एसटीत सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत आले. साडेचार वर्षं मी जी माया शिवत होते तीच… नको. पुढे लिहवत नाही.

५ फेब्रुवारी

पहिला दिवस. दहा वाजेपर्यंत फ्रॉक पोटापर्यंत ओला. फॉल लावायला आलेल्या बाईने साडी काउंटरवरून उचलून मांडीवर घेतली. तनूला काहीच नाही. मी मांडीखाली हात दाबून बसले, खरंच. मशीनवर बसले तर पाय चालेना, उठले तर हात तिच्याकडे जायला लागला म्हणून परत बसले. दुपारी एक ब्लाऊज उलटा जोडला.

बोट हनुवटीला लावलं तर तनूनेही हसून बोट लावलं. तिला खेळ वाटला.

९ फेब्रुवारी

आत्यांनी उघडी हनुवटी बघितली आणि पदराने खसाखसा पुसली. मी म्हटलं, "नका पुसू आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय." झालं.

"लेकरू वल्लंचिंब हिंडतंय न् आई बघत बसली. असलं कसलं डाक्टर? डव्हाळे सांगंना झालीस, कावून लपिवतीस? चिंचा न्हाई त्या. मला कळतं."

पाच दिवस कोंडलेलं सगळं तोंडातून गेलं. "मासे. मासे खावे वाटले होते. पाचव्या महिन्यात रोज. धरणातली मरळ, तव्यावरची. सांगणार होते का मी तुमच्या घरात?"

आत्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. ह्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. लग्न झाल्यापासून मीही सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून. आत्या उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत.

मी असं बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं ते.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी दुकानासमोर जीप थांबली, आत्या उतरल्या. सकाळपासून कुठे गेल्या होत्या कोणाला माहीत नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात डबा, आणि हात अंगापासून हातभर लांब धरलेला. माझ्या माहेरी जाऊन आल्या होत्या, धरणाकाठी. वहिनीला मासे तळायला लावले आणि स्वतः अंगणात लिंबाखाली पाठ करून बसल्या म्हणे.

"गिऱ्हाईक यायच्या आत खा," म्हणाल्या. शटर अर्धं ओढलं आणि पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

मी म्हटलं, "आत्या, ह्याने काही होत नसतं. तिचं नाक बंद होतं."

"आसंल. तू खा."

मरळ अजून कोमट होती. ज्वारीच्या पिठात घोळलेली. मला रडू आलं आणि भूकही लागली, दोन्ही एकदमच. मागे न बघता त्या म्हणाल्या, "काटा बघून खा." त्यांना काट्यांचं काय माहीत.

घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ केली त्यांनी. डबा अजून दुकानातच आहे, घरी न्यायची हिंमत नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी तनूची उशी ओली. आत्यांनी हात लावून बघितली. "समदं संपिवलंस का न्हाई?"

"काटे सोडून सगळं."

"मंग हुईल. एकदम कसं थांबल?"

२६ फेब्रुवारी

स्प्रेचे जवळजवळ चार आठवडे. तनू घोरायची थांबलीय. आज आरसा धरला, दोन्ही बाजूंनी वाफ. मी तीन वेळा धरायला लावला, शेवटी ती वैतागली.

रिकाम्या रिळांची शर्यत चालू आहे. कटिंगच्या टेबलावर तिचं लाल, माझं पांढरं, फुंकत फुंकत टेबलाच्या टोकापर्यंत. पहिल्यांदा तिची फुंकर गालातूनच निघून जायची. आता मला हरवते. लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत ढीगभर आणि मी रीळ फुंकतेय. एक गिऱ्हाईक बघून परत गेलं.

जाड ताक नळीने अर्धा पेला. नळी चावते, चोखत नाही. उद्या पुन्हा.

४ मार्च

आज. चित्राच्या वहीत काहीतरी करत होती, थांबली. मी बोट लावलं नव्हतं. तिने उलट्या हाताने हनुवटी बघितली, मनगटाची पट्टी टेकवली, तोंड मिटलं. गळा हलला.

परत उघडलं लगेच. पण हललेला गळा मी बघितला.

ह्यांना फोन केला, गाडी रस्त्यात होती. "थांब, समद्यास्नी सांगतो," म्हणाले. म्हणजे मांजरसुंब्यापर्यंत बातमी गेली. आत्या म्हणतात, मरळ लागू पडली. पडू दे. भांडत नाही आता.

१७ मार्च

चुकले. लिहायला लाज वाटते.

परळीला नणंदेच्या घरी लग्न. सगळे पाहुणे एकत्र. चार दिवस सर्दीने तनूचं नाक पुन्हा चोंदलेलं, हनुवटी पुन्हा ओली. नणंदेने दाराशीच बघितलं आणि नुसतं "अगं बाई" म्हणाली. तेवढं पुरे झालं मला. बॅगेत तळाला एक गुलाबी लाळेरं ठेवलं होतं. घेतलं नव्हतं असं ह्यांना सांगितलेलं. बांधलं तिच्या गळ्यात. आणि पुसत सुटले. मंडपात, जेवताना, फोटोच्या वेळी. माझा हात थांबेना.

पंगतीत तनूने स्वतः गाठ ओढली. सुटेना म्हणून माझ्याकडे मान केली.

"ह्ये नको आई. मला मंग कळतच न्हाई."

"काय कळत नाही?"

"वल्लं."

मी सोडलं. पाहुणे बघत होते. बघू देत. येताना गाडीत ह्यांनी विचारलं, डोळे कशाने लाल. परळीची राख, म्हटलं. तिथे वीजकेंद्राच्या राखेने दोरीवरचे कपडे काळे पडतात, त्यामुळे कोणालाही पटतं.

घरी आल्यावर सगळी लाळेरी पिशवीत भरून माळ्यावर टाकली. फेकवली नाहीत.

२ एप्रिल

अंबाजोगाईला मॅडमकडे. त्या खूश आहेत, मी नाही. खाताना, चालताना, बोलताना कोरडी असते. पण चित्र काढायला बसली, मोबाईल बघितला, हसत सुटली, की तोंड उघडं आणि धार. मॅडम म्हणाल्या, ते सगळ्यात शेवटी जातं. मन दुसरीकडे गेलं की सवय जुनी येते. वेळ द्या.

वेळच नाही ना मॅडम. एप्रिलअखेर तिला बसवून बघणार म्हणजे काय करणार? कागद आणि खडू देणार. दुसरं काय देतात त्या वयात.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिच्याकडे फार बघता. ती तुमच्या चेहऱ्यावर बघून ठरवते कोरडी आहे की ओली. तिच्या हनुवटीवरून नाही ठरवत." हे काय आता नवीन. बघू नको तर काय करू?

११ एप्रिल

न बघण्याचा सराव करते आहे. मशीन फिरवून ठेवली, पाठ तिच्याकडे. मानेवर मुंग्या आल्यासारखं होतं. काचेच्या कपाटात दिसते ती, म्हणून कपाटावर साडी टाकली. आत्या म्हणाल्या, "ह्या पोरीला झालंय तरी काय." तनूला नव्हे, मला म्हणाल्या.

ऊन लई. दुपारी लाईट नाही, पायाने मशीन. बरं वाटतं, पाय तरी हलतात.

१९ एप्रिल

रोज खडूने चित्र काढून घेत होते, परीक्षेसारखं. आज तिने खडू खाली ठेवले. "मला चित्र न्हाई आवडत." तिला? भिंत सोडत नाही ती पोर.

बंद केलं. खडूंचा डबा तिच्या हाताला येईल असा ठेवला आणि विषय सोडला. संध्याकाळी पायरीवर आपणहून बसली होती, आजीचं चित्र काढत. माळ केवढी मोठी काढलीय. हनुवटी बघायला मी गेले नाही. जावंसं वाटलं, दोनदा उठले.

२४ एप्रिल

उद्या अकराची वेळ दिलीय शाळेने. हे गाडी बंद ठेवतो म्हणाले. मी म्हटलं, नको, तुम्ही असलात की मी जास्त घाबरते. आत्यांनी विचारलं, "न्हाई घेतली तर?" दुसरी शाळा आहे, पण तिथेही पालक असतीलच.

तिला शाळेत जायचंय. रोज विचारते. सुट्टी संपली का.

२५ एप्रिल

शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितेय. बाईंच्या ब्लाऊजचं माप घ्यायचं होतं म्हणून वही बरोबर आहे. बाईंनीच आठवण करून दिली, "आलाच आहात तर." घेतलं माप. छाती दोनदा मोजावी लागली.

सव्वाअकराला मोठ्या मॅडमनी आत बोलावलं. मी मागे निघाले. तनू दारात थांबली, मनगटाची पट्टी वर ओढली, आणि मला म्हणाली, "तू हितंच बस. तू बघती मंग मला भ्या वाटतं."

मोठ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दार तनूनेच लोटलं. पूर्ण लागलं नाही, मग आतून खांदा लावून लावलं.

आत आणखी चार-पाच मुलं आहेत. खडूचे डबे घेऊन शिपाईमामा मघाशीच आत गेले. म्हणजे चित्रच.

वीस मिनिटं झाली. बाजूला खिडकी आहे. उठून दोन पावलं टाकली तर दिसेल. आत्तापर्यंत तीनदा चप्पल घातली.

मामांनी चहा विचारला. नको म्हटलं.

आत मुलं हसतायत. त्यात तनूचं ओळखू येतंय, ती मोठ्याने हसते. हसली की तोंड मिटायचं विसरते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. आज सबंध दिवस हसू नको असं सकाळी सांगणार होते. सांगितलं नाही.

अजून हसतेय. मी उठले नाही.